वेनबान : जुन्या रेल्वेमार्गावरून सायकलने तीन देश

माळरान

युरोपात सायकलवर फिरायचं म्हटलं की बहुतेकांना डॅन्यूबकाठचा पासाउ ते व्हिएन्ना हा मार्ग सुचवला जातो. तो सुंदर आहेच. पण ज्यांनी कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही, ज्यांच्यासोबत साठीच्या पुढचे आईवडील आहेत किंवा आठ-दहा वर्षांची मुलं आहेत, त्यांना मी डोळे झाकून वेनबान सांगते. दुसऱ्या एका धाग्यावर बऱ्याच जणांनी याबद्दल विचारलं होतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. मी कोलोनजवळ राहते, त्यामुळे ही वाट मला घराजवळचीच. कधी पूर्ण करते, कधी नुसता एखादा तुकडा.

जर्मनीतल्या आखेनपासून निघून पूर्व बेल्जियममधून लक्झेंबर्गच्या उत्तर टोकाला त्रुआव्हिएर्ज गावापर्यंत जाणारी ही १२५ किलोमीटरची वाट. मूळची रेल्वे. १८८०च्या दशकात प्रशियाने बांधली ती आखेनकडचा कोळसा लक्झेंबर्गच्या पोलाद कारखान्यांकडे न्यायला आणि तिकडचं लोहखनिज इकडे आणायला. पुढे मालवाहतूक आटली, काही वर्षं हौशी लोकांनी पर्यटकांसाठी जुन्या गाड्या चालवल्या, २००१च्या सुमारास त्याही थांबल्या. मग रूळ निघाले आणि २०१३मध्ये सलग सायकलवाट सुरू झाली.

खरी गोम आहे ती चढाची. कोळशाने भरलेली मालगाडी ओढायची तर चढ सौम्य ठेवावाच लागतो, म्हणून डोंगर कापून आणि दरीत भराव टाकून मार्ग काढलेला. सायकलवाटेला हा वारसा आयता मिळाला. जवळपास सगळीकडे चढ दोन टक्क्यांच्या आत, म्हणजे शंभर मीटर गेल्यावर फार तर दोन मीटर वर. आखेनहून वेनच्या पठारावर चढताना आपण साडेपाचशे मीटर उंचीच्या आसपास पोचतो, पण गिअर एकदा लावला की बदलायची फारशी वेळ येत नाही. बोलत बोलत चढता येतं. माझ्या मते अशा वाटेची परीक्षा हीच की शेजारी शेजारी सायकल चालवत दोन माणसांना गप्पा मारता येतात का. मोटारीच्या रस्त्यावर ते कधीच शक्य नसतं, तिथे कायम एकामागे एक आणि कान मागे लावलेले.

'वेन' म्हणजे इथलं उंचावरचं दलदलीचं माळरान. हजारो वर्षांत साचलेला पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, त्यावर ओलं, पिवळट गवत, मे-जूनमध्ये कापूसगवताचे पांढरे बोंड. बेल्जियमचा सर्वोच्च बिंदू बोत्रांज (६९४ मीटर) याच पठारावर आहे. वाट सुर्ब्रोट गावाशी त्याच्या बऱ्यापैकी जवळून जाते.

थांबावंच अशी माझी ठिकाणं:

कोर्नेलिम्युन्स्टर. आखेनपासून थोडंच पुढे. नवव्या शतकात स्थापन झालेला मठ आणि त्याभोवतीचं जुनं गाव. वाट गावाच्या वरच्या अंगाने जाते, पाटी बघून खाली उतरायचं.

मोन्शाउ. हे चुकवू नका, पण हेही लक्षात ठेवा की गाव रूर नदीच्या घळीत खोल आहे आणि रेल्वे वरून गेलेली. उतरताना ब्रेक घट्ट धरून आणि परत येताना बहुतेकांना सायकल ढकलत. सबंध वाटेवर दम लागतो तो मुख्यतः इथेच, आणि तोही वाट सोडल्यामुळे. अठराव्या शतकात इथे लोकरीच्या कापडाचा मोठा व्यापार होता. कापड-व्यापाऱ्याने बांधलेलं 'लाल घर' अजून दिमाखात उभं आहे. १८८२पासूनची मोहरीची गिरणी आहे, तिथे वेगवेगळ्या चवींची मोहरीची चटणी चाखायला मिळते.

काल्टरहेर्बेर्ग आणि शेजारचं ह्योफेन. इथल्या घरांना बीच झाडांचं कुंपण असतं. कुंपण म्हणजे किती, तर घराच्या छपराला टेकेल एवढं उंच आणि हात आत घातला तर कोपरापर्यंत जाईल एवढं दाट. पश्चिमेचा वारा आणि हिमवर्षाव यांच्यापासून घर राखायला पिढ्यान्‌पिढ्या कापून कापून वाढवलेली ही भिंत. खिडकीपुरती चौकट कातरलेली असते. बीचची वाळलेली पानं हिवाळ्यातही फांदीवर टिकतात, म्हणून हेच झाड निवडलेलं. मोटारीतून हे हिरवं काहीतरी म्हणून मागे पडतं. सायकलवरून एकेक कुंपण वेगळं दिसतं.

सांक्ट फिट आणि बुर्ग रॉयलांटबद्दल पुढे लिहीनच. प्रश्न विचारा, मला या वाटेबद्दल बोलायला फार आवडतं.

पेठेतला सायकलस्वार

वा! सुरेख धागा. वाचनखूण साठवली आहे.

दोन टक्क्यांवरून आठवलं, आपल्या बोरघाटात रेल्वेचा चढ सदतीसास एक आहे, म्हणजे पावणेतीन टक्के, आणि त्याला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. आपण रस्त्याने खंडाळा किंवा खंबाटकी सायकलवर चढतो तो याच्या कितीतरी पट तीव्र. त्यामुळे इथल्या मित्रांनी दोन टक्के वाचून घाबरू नये. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जो आरामात जातो, त्याला हे सहज जमेल.

प्रश्न: आखेनहून सुरुवात करावी की त्रुआव्हिएर्जहून?

माळरान

त्रुआव्हिएर्ज मुळातच सव्वाचारशे मीटरच्या वर आहे आणि आखेन त्याच्या खूप खाली. त्यामुळे दक्षिणेकडून उत्तरेला आलात तर एकूण चढ कमी, आणि मोन्शाउनंतरचा पट्टा ओलांडला की आखेनपर्यंत लांबच लांब सौम्य उतार. शेवटच्या दिवशी पाय बोलायला लागलेले असताना हा उतार म्हणजे मोठा आधार. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हीच दिशा सांगते.

मला स्वतःला मात्र आखेनहून जायला आवडतं. शहर, मग उपनगर, मग जंगल, मग उघडं पठार आणि शेवटी ऊर नदीच्या बाजूच्या दऱ्या. प्रदेश हळूहळू उलगडत जातो. शिवाय आखेनच्या कॅथीड्रलपासून सुरुवात होते. मध्ययुगीन सम्राट शार्लमेनची समाधी तिथे आहे आणि युनेस्कोने १९७८मध्ये पहिलीच जागतिक वारसा यादी केली त्या बारा ठिकाणांत ते होतं.

नकाशावेडा

या वाटेवरची सर्वात विलक्षण गोष्ट अजून कोणी लिहिली नाही, म्हणून मी लिहितो.

पहिल्या महायुद्धापर्यंत हा सगळा प्रदेश जर्मनीचा. व्हर्सायच्या तहाने ऑयपेन आणि माल्मेडी हे भाग बेल्जियमला गेले. आता अडचण अशी की या दोन भागांना जोडणारी रेल्वे म्हणजे वेनबानच, आणि ती मध्येच जर्मन गावांमधून जात होती. बेल्जियमने आग्रह धरला आणि सीमा आखणाऱ्या आयोगाने रेल्वेमार्ग, त्यावरच्या स्टेशनांसह, बेल्जियमला दिला. म्हणजे दोन्ही बाजूंना जर्मनी आणि मधून काही मीटर रुंदीची बेल्जियमची पट्टी! या पट्टीच्या पश्चिमेला जे जर्मन तुकडे उरले ते चहूबाजूंनी बेल्जियमने वेढले गेले. असे पाच तुकडे आजही आहेत. म्युत्सेनिश हे त्यातलं एक नांदतं गाव. र्‍युकश्लाग नावाचा तुकडा तर एक घर आणि त्याच्या आवारापुरता आहे.

रूळ निघाले तेव्हा चर्चा उठली की आता रेल्वेच नाही, तर जमीन जर्मनीला परत जाणार का? तसं झालं नाही. आजही तुम्ही सायकल चालवता ती पट्टी बेल्जियमची. वाटेकडेच्या बाकावर बसून पाय समोरच्या गवतात सोडले तर पाय जर्मनीत.

आज तिन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, त्यामुळे एक व्हिसा पुरतो, आणि सीमा कळते ती पाट्यांचा रंग बदलतो तेव्हा किंवा दगडी सीमाखांब दिसतो तेव्हा. पण याच पट्ट्यात काँक्रीटच्या सुळक्यांच्या रांगाही दिसतात, शेवाळलेल्या, गाई चरत असलेल्या शेतातून सरळ गेलेल्या. रणगाडे अडवायला हिटलरच्या काळात बांधलेल्या वेस्टवॉलचे ते अवशेष. वाटेवरचं र्‍योटगेन हे १२ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकन सैन्याच्या ताब्यात आलेलं पहिलं जर्मन गाव. आणि पुढचं सांक्ट फिट त्याच वर्षी नाताळात दोस्तांच्या बाँबफेकीत जवळजवळ पूर्ण नष्ट झालं. जुन्या तटबंदीचा एक बुरूज तेवढा उरला. आज गाव नीटनेटकं दिसतं, पण घरं सगळी नंतरची. ते ठाऊक असेल तर त्या बुरुजापाशी आपोआप थांबायला होतं.

माळरान

नकाशावेडा, फार सुंदर लिहिलंत. सांक्ट फिटच्या जुन्या स्टेशनच्या इमारतीत आता या प्रदेशाचं छोटं संग्रहालय आहे. सायकल बाहेर लावून नक्की आत जा.

सोनचाफा

माझी आई त्रेसष्ट वर्षांची आहे. गुडघे थोडे कुरकुरतात, पण उत्साह दांडगा. पुढच्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे ड्युसेलडोर्फला येणार आहे. तिला जमेल का? लहानपणी सांगलीत सायकल चालवायची, त्यानंतर नाही.

माळरान

सोनचाफा, जमेल. आधी एक काम करा. आई आल्यावर दोन-तीन संध्याकाळी ऱ्हाइनकाठच्या सपाट वाटेवर सायकल चालवू द्या. पेडल मारणं माणूस विसरत नाही, पण उतरताना पाय टेकणं, वळताना मान मागे करून बघणं आणि उजव्या बाजूने चालवायची सवय, या तीन गोष्टींचा सराव हवा.

मग इ-बाइक भाड्याने घ्या. इथली नेहमीची इ-बाइक पेडल मारलं तरच साथ देते आणि ताशी पंचवीस किलोमीटरला साथ थांबते, परवाना लागत नाही. मात्र ती जड असते. आईची उंची सांगून पुढची दांडी खाली असलेली सायकल मागा. दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढं आसन खाली घ्या. वेग थोडा कमी होईल, धीर खूप वाढेल. गुडघ्यांसाठी हलका गिअर आणि भरभर पाय.

दिवसाला तीस-पस्तीस किलोमीटर ठेवा. रारेन, मोन्शाउ किंवा काल्टरहेर्बेर्ग, सांक्ट फिट असे मुक्काम पडतात. राहायला 'बेट प्लुस बाइक' अशी खूण असलेली ठिकाणं बघा. जर्मन सायकल क्लब एडीएफसीची ती मान्यता असते. तिथे एका रात्रीपुरतंही ठेवून घेतात, सायकलला कुलूपबंद जागा मिळते आणि ओले कपडे वाळवायची सोय असते. वेनवर पाऊस कधीही येतो, म्हणून ही शेवटची सोय फार मोलाची.

दऱ्याखोऱ्या

थोडा वेगळा सूर लावतो. मी फ्रान्स-बेल्जियममध्ये अशा बऱ्याच जुन्या रेल्वेवाटा केल्या आहेत आणि मला त्या लवकर कंटाळवाण्या होतात. दोन्ही बाजूंना झाडं किंवा कापलेला डोंगर, पुढे सरळ पट्टा, वळण नाही, चढउतार नाही. गावं दिसतात ती मागच्या बाजूने. रेल्वे गावाच्या चौकातून जात नाही, गोदामांच्या मागून जाते. प्रदेश बघायचा तर गावांना जोडणारे छोटे रस्ते बरे, तिथे माणसं भेटतात. वाहनं थोडी असतात, पण चालतं.

माळरान

दऱ्याखोऱ्या, तुमचं म्हणणं बरंचसं पटतं. वाटेवरून न उतरता १२५ किलोमीटर 'संपवले' तर वेनबान पाहिली असं मी म्हणणार नाही. रेल्वे गावाच्या पाठीमागून जाते हेही खरं. म्हणून तर मी कोर्नेलिम्युन्स्टरला खाली उतरा, मोन्शाउचा चढ सोसा असं सांगते. वाट हा कणा, बघायचं ते बाजूला.

पण 'वाहनं थोडी असतात, पण चालतं' हे तुम्हाला चालतं. सोनचाफाच्या आईला नाही चालणार, नऊ वर्षांच्या मुलीला नाही चालणार. दिवसभरात मागून एकच ट्रक जवळून गेला तरी ते माणूस पुढचे दोन तास रस्त्याकडेच बघत राहतं, कुंपणं बघत नाही. मी या वाटेवर तिचाकी सायकलवर बसलेली आजी पाहिली आहे, व्हीलचेअरला हाताचं पेडल लावून निघालेला माणूस पाहिला आहे, पाठीमागच्या ट्रेलरमध्ये बाळ झोपवून जाणारी आई पाहिली आहे. या लोकांना तो प्रदेश बघायचा दुसरा कुठलाच असा मार्ग नाही. मला ही गोष्ट कंटाळ्यापेक्षा फार मोठी वाटते.

आणि दक्षिणेकडचा भाग सरळसोट नाही बरं. बुर्ग रॉयलांटला किल्ल्याचे अवशेष, खाली ओढा, वाट दरीला बिलगून वळत जाते. सीमेजवळचा लांब बोगदा वटवाघळांसाठी राखून ठेवलाय, त्यामुळे तिथे डोंगरावरून वळसा आहे आणि तो चांगलाच चढ आहे. तुमच्यासाठी खास.

दऱ्याखोऱ्या

हे पटलं. माझ्या डोळ्यांसमोर मी आणि माझे मित्रच होते. वळशाचा चढ बघायला येतो.

लिएजकर

बेल्जियममधून भर घालतो. वेनबान हा आमच्याकडच्या 'राव्हेल' जाळ्याचा भाग. वालोनियाने, म्हणजे बेल्जियमच्या दक्षिण भागाने, १९९५पासून जुने रेल्वेमार्ग आणि नदी-कालव्यांचे काठ जोडून हे जाळं उभं केलं. एक वाट करून पुढे काय, असं होत नाही, एकीतून दुसरी फुटते.

दुसरं म्हणजे नाक्यांचे क्रमांक. पूर्व बेल्जियममध्ये सायकलवाटांच्या प्रत्येक नाक्याला क्रमांक आहे. सकाळी कागदावर पाच-सहा आकडे लिहून घ्यायचे आणि पाटीवर पुढचा आकडा शोधत जायचं. मोबाइल खिशातच राहतो. दऱ्याखोऱ्या, तुम्हाला हवे ते छोटे रस्ते याच जाळ्यात आहेत. दिवसातला थोडा वेळ वेनबान आणि थोडा वेळ आकड्यांवर, असं करून बघा.

परतीसाठी: त्रुआव्हिएर्जहून लिएजला थेट गाडी आहे, तिथून आखेनची गाडी मिळते. बेल्जियमच्या गाड्यांत सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं. उलट बाजूला लक्झेंबर्ग शहर तासाभरावर. लक्झेंबर्गमध्ये २०२०पासून सार्वजनिक वाहतूक फुकट आहे आणि जागा असेल तर रेल्वेत सायकलही फुकट.

आणि वाटेत भेटणाऱ्यांना अभिवादन जरूर करा. रारेनला 'मोर्गन', वेम-सुर्ब्रोटला 'बाँजूर', सांक्ट फिटला परत जर्मन, शेवटी 'मोयेन'. बेल्जियमची तिसरी राजभाषा जर्मन आहे हे इथे सायकलवरून जाताना नीट कळतं.

वऱ्हाडी ताई

हे सगळं वाचताना मला राहून राहून आमची शकुंतला आठवते आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, अरुंद रुळांची, कापसासाठी बांधलेली. गाडी बंद पडून वर्षं झाली. रुळांवर बाभळी वाढल्यात. इथे कोणीतरी लिहीलच की तिथे सायकलवाट करा, म्हणून आधीच सांगते: आमच्याकडच्या लोकांना ती गाडी हवी आहे. ब्रॉडगेज करून परत सुरू करा ही मागणी जुनी आहे आणि ती रास्त आहे. कमी पैशात दवाखान्याला, बाजाराला जायचं ते साधन होतं. वेनबानची गोष्ट वेगळी, तिथे गाड्या बंद झाल्या तेव्हा लोकांना ये-जा करायला दुसरी साधनं होती.

पण आपल्याकडे अशी वाट व्हावी ही इच्छा मलाही आहे. कुठे होऊ शकेल?

पेठेतला सायकलस्वार

ताई, शकुंतलेबद्दल शंभर टक्के सहमत.

माझं उत्तर: कॅनॉलपट्टी. पाणी आपसूक वाहायचं तर कालव्याचा उतार रेल्वेपेक्षाही कितीतरी कमी ठेवावा लागतो, आणि कालव्याच्या भरावावरून पाहणीसाठी कच्चा रस्ता असतोच. आम्ही काही जण नीरा डाव्या कालव्याच्या काठाने बारामतीच्या बाजूला हिवाळ्यात फिरतो. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला ऊस, मध्येच पुलावर गप्पा मारत बसलेली माणसं. कोणी ना कोणी 'कुठनं आला?' विचारतंच आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. वाहनं अगदीच नाहीत असं नाही, मोटरसायकली येतात, ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरही. कठडा नसतो, म्हणून लहान मुलांना नेण्यासारखी वाट ती आज नाही. पण माती चांगली दाबली, पाण्याच्या बाजूला कठडा घातला, मैलामैलावर सावलीचं झाड आणि पाटी लावली, तर नवीन जमीन न घेता प्रदेश बघायची वाट होईल. जमीन पाटबंधारे खात्याची, त्यामुळे सुरुवात तिथूनच व्हायला हवी. तुमच्या भागातले असे काठ कोणाला ठाऊक असतील तर इथेच लिहा, मी यादी करायला घेतो.

वऱ्हाडी ताई

हे फार आवडलं. आमच्या बाजूच्या कालव्यांची माहिती काढून लिहिते.

सोनचाफा

माळरान, आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, लक्झेंबर्गहून सुरू करू, म्हणजे शेवटी उतार. शेवटचे दोन प्रश्न: जून बरा की सप्टेंबर? आणि खाण्यापिण्याचं काय, ती पूर्ण शाकाहारी आहे.

माळरान

आईंना माझा नमस्कार सांगा! जून घ्या. दिवस मोठा असतो, घाई होत नाही आणि कापूसगवत बघायला मिळतं. पठारावर जूनमध्येही सकाळी गारठा असतो, आईंसाठी पातळ हातमोजे आणि वारा अडवणारं जाकीट ठेवा.

शाकाहारी जेवण जर्मन बाजूला सोपं आहे. बेल्जियमच्या खेड्यांत चीज, ब्रेड, सूप आणि बटाट्याच्या काड्या यांवर भागतं, पण सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारून घ्या. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की बहुतेक जण काहीतरी करून देतात. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच फळं, दही, सुकामेवा भरून घ्या. आणि घरून मेतकूट, दाण्याची चटणी न्या. मोन्शाउच्या वर, वाटेलगतच्या बाकावर, ताज्या ब्रेडबरोबर ती काय लागते म्हणून सांगू! उंची कळवा आईंची, सायकलचं दुकान मी सुचवते.